विमान पावणेदोन तासांचं

वसंता गेल्याचं मला सकाळी नऊला कळलं आणि साडेनऊला मोबाइलवर निरोप आला : अंत्ययात्रा दुपारी दोनला. वेळ त्याच्या मेव्हण्यानं ठरवली होती. वसंताची एकुलती लेक शुभांगी बंगळूरला असते. मेव्हण्यानं फोनमध्ये पाहिलं, बंगळूर ते नागपूर विमान पावणेदोन तासांचं. त्यात थोडी सवड धरून त्यानं दोन ठरवले. शिवाय एका पुढाऱ्याला साडेतीनला कुठेतरी उद्घाटनाला जायचं होतं, त्याचीही सोय झाली.

नागपूरहून दीड-पावणेदोन तासांवरच्या आमच्या नालवाडीत वसंताचं बियाण्यांचं दुकान. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी आम्ही तिथे एकच पेपर वाटून वाचायचो. प्रवासाच्या बाबतीत तो पक्का घाबरट. विमान दुपारचं असलं, तरी हा पहाटेच बॅग घेऊन ओट्यावर बसायचा. "अरे, नागपूर काय परदेशात आहे?" मी विचारायचो. "विमानतळ ते विमानतळ पाखरं जातात, मास्तर," तो म्हणायचा. "माणूस घर ते घर जाते."

मी मेव्हण्याला बाजूला घेतलं. "पोरगी आत्ता घरून निघून राह्यली."

"मंग? दोन तासाचं तं विमान आहे."

तेवढ्यात शुभांगीचाच फोन. "काका, दोनचं तिकीट भेटलं... तुम्ही थांबसान ना?" मी हो म्हणालो. कोणत्या अधिकारात, ते मलाही ठाऊक नव्हतं.

दोन वाजता तिरडी बांधून तयार होती, आणि त्याच सुमारास तिचं विमान तिकडून उडत होतं. मग तिचा फोन बंद. पुढारी आला, पाच फूट दोन इंचांच्या वसंताला 'उत्तुंग व्यक्तिमत्त्व' म्हणाला आणि तीनदा घड्याळ पाहून गेला. चारनंतर ऊन भिंतीवरून सरकायला लागलं. थंडीचे दिवस. "दिवस बुडाच्या आत झालं पायजे, मास्तर," म्हातारी मंडळी सांगू लागली. आधी हळू, मग हळू नाही. मी प्रत्येकाला "आलीच" म्हणत होतो. ती कुठवर आली आहे, हे मला माहीत नव्हतं. वहिनी दारात बसून रस्ता पाहत होत्या. रडत नव्हत्या.

दिवस बुडाला. काही जण उठून गेले. सहाला गाडी आली. शुभांगी बापाजवळ बसली, त्याचा मफलर नीट केला... आणि मग आम्ही निघालो.

परवा कुठलासा दाखला शोधायला वहिनींनी मला बोलावलं. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला, वसंताच्या अक्षरात. शुभांगीच्या घरापासून विमानतळ, तिथलं थांबणं, विमान, सामान, नागपूर ते नालवाडी. बेरीज साडेआठ तास. अचूक. खाली एक ओळ : 'उन्हाळ्यात जमते. हिवाळ्यात दिवस लवकर बुडते, पोरीसाठी थांबू नका.'

शुभांगीच्या नजरेला हे पडू नये म्हणून मी कागदाचा कोपरा सोडवायला लागलो. वहिनींनी माझा हात धरला.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माह्या वेळेस कामी पडन."