बस्त्याची वाट दाखवणारी मंदा

सुरत लहान आहे. रिक्षात बसलं की मोठी होते.

मंदाला हे कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर बाप तिला उधन्याला, नवऱ्याच्या खोलीवर पोहोचवायला आला, तेव्हा रिक्षावाल्यानं दोघांना इतकं फिरवलं की एकच पूल त्यांनी दोनदा खालून पाहिला. मंदा म्हणाली, "हा पूल मघाशी गेला ना?" रिक्षावाला आरशातून हसला. बापानं तिला कोपर मारलं. परक्या गावात तोंड उघडायचं नाही, अशी त्याची समज. अशा समजुतींवर किती जणांचे इमले उभे राहिले, ते रिंग रोडच्या कापड मार्केटला एक चक्कर मारली की दिसतं.

त्या दिवसापासून मंदानं दुसऱ्याच्या भरवशावर फिरणं सोडलं. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात कामाला, ही घरी साड्यांना लेस लावायची आणि तयार गठ्ठा डोक्यावर घेऊन पायी मार्केटला न्यायची. उधना दरवाजा, सहारा दरवाजा, पुलाखालची हातगाड्यांची कोंडी, मेट्रोच्या पत्र्यांनी बंद झालेले रस्ते आणि त्यांच्या मागून निघालेल्या बोळी, सगळं तिच्या पायाखालून गेलं.

आता ती बस्त्याच्या लोकांना वाट दाखवते. लग्न जमलं की खानदेशातली निम्मी भाऊबंदकी गाडीत बसून सुरतेला कापड घ्यायला येते. उधना स्टेशनवर उतरते, पिशव्या छातीशी धरते आणि पाट्या वाचत उभी राहते. तेवढ्यात रिक्षावाला येतो. "काका, बस्ता ना? बसा, फुकट सोडतो." फुकट कसलं? दुकानदार रिक्षावाल्याला दलाली देतो आणि ती साडीत वसूल करतो. मंदा मात्र आपली मजुरी स्टेशनवरच, चारचौघांत सांगते. पटलं तर चला, नाही तर राम राम. आणि दुकानाच्या उंबऱ्याच्या आत ती पाय टाकत नाही. आत गेली की लोक म्हणणार, हिचंही ठरलेलं असेल. म्हणून लोक आत साड्या बघतात, ही बाहेर पायरीवर बसते. रिक्षावाले तिला 'पायरीवाली' म्हणतात. म्हणू देत.

गेल्या चैत्रात योगिताचा बस्ता आला. योगिता म्हणजे नवरी, शिरपूरकडची, नर्सिंग शिकलेली. बरोबर आई, मावश्या, चुलते आणि सुकदेवमामा. त्यांच्यात पहिलं कापड नवरीच्या मामानं उचलायचं. मामानं एकदा उचललं की तोच नवरीचा शालू, मग कुणी बदलायचा नाही. योगितानं गाडीतच मामाकडून कबूल करून घेतलं होतं की मी बोट दाखवीन तेच उचलायचं.

मंदानं सगळ्यांना बसथांब्याकडे वळवलं. रस्ता ओलांडून मागे बघते तर मामा नाही. एक मावशी म्हणाली, "त्यांचा गुडघा दुखत होता. तो रिक्षावाला मगन म्हणाला फुकट नेतो, तर बसले. चुलतेपण गेले."

मगन. मामासारखा तोही शिंदखेड्याचाच, आपलाच माणूस. म्हणून तर मामा बसला.

"तुमी त्यासले बसू कसं दिधं?" मंदा तडकली.

"फुकट होतं ना," मावशी म्हणाली.

योगिताचा चेहरा उतरला. "ताई, मामांनी तिथंच काही उचललं तर?"

मगन गिऱ्हाईक कुठं नेऊन टाकतो ते मंदाला ठाऊक होतं. तिनं सगळ्यांना बसमध्ये कोंबलं. बसला रस्त्यात स्वतःचा वेगळा पट्टा आहे, रिक्षा सिग्नलला तिष्ठत राहते. उधना दरवाज्याला उतरून ती पुढे, बायका मागे, टेम्पो हॉर्न मारताहेत, एकाला तर तिनं हात दाखवून उभंच केलं. "थांब रे, नवरी जाते."

दुकान एका बोळीत, तळघरात. काचेतून सगळं दिसत होतं. सुकदेवमामा गादीवर, हातात चहाचा रिकामा कप, मांडीवर पसरलेली गडद जांभळी साडी. शेठ म्हणत होता, "उठाओ मामा, शुभ काम में देर नहीं."

मंदानं दार ढकललं आणि उंबऱ्यावर थांबली. "मामा, उठा. नवरी बाहेर उभी शे."

मामा ओशाळला. "आते चाय पी टाकी ना माय. उठानं कसं?"

यातच आपली माणसं मरतात. ज्याचा चहा घेतला त्याच्या गादीवरून रिकाम्या हातानं उठायचं नाही. मार्केटला हे पक्कं माहीत आहे, म्हणून तर तिथं पाण्याआधी चहा येतो.

कोपऱ्यातून मगन म्हणाला, "अवं पायरीवाले, ये ना आत. एसी शे."

शेठही हसला. "आओ बेन, अंदर आओ. तुम्हारा भी देख लेंगे."

चुलते मंदाकडे संशयानं बघायला लागले. मामाही बघत होता. तिला मामाच्या हाताला धरून उठवता आलं असतं, चार पावलांचं काम. पण तीच चार पावलं मगनला हवी होती. उद्या स्टेशनभर सांगत फिरला असता.

"मी काय घेते ते तुम्हाला स्टेशनवरच सांगितलं, मामा," ती मोठ्यानं म्हणाली, शेजारच्या दुकानातली माणसंही वळली. "आता तो काय घेतो ते त्याला विचारा. त्याच्या तोंडून ऐका आणि मग साडी उचला. मी इथून हलत नाही, आतही येत नाही."

मामानं मगनकडे पाहिलं. "काय रे? तू शिंदखेडानाच ना?"

मगन मोबाइल बघायला लागला.

तेवढ्यात योगिता मंदाच्या बाजूनं आत शिरली आणि मामासमोर उभी राहिली. "मामा, ही आवडली तुम्हाला?"

"चांगली शे ना व."

"मग तुम्हीच नेसा. मी लग्नात ड्रेस घालून उभी राहीन, आणि विचारलं कुणी तर सांगीन, मामांनी चहा घेतला होता."

एक चुलता फिसकन हसला. मामा गंभीर राहायला बघत होता, पण मिशी हलली. त्यानं कप खाली ठेवला, मांडीवरची साडी दोन्ही हातांनी बाजूला सारली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "शेठ, चाय चांगला था," म्हणाला. शेठ साडीची घडी घालायला लागला.

वर रस्त्यावर मगनची रिक्षा हळूहळू बाजूनं चालू लागली. "मामा, बसा ना. पाय दुखतील. खरंच फुकट."

मामा लंगडत होता. त्यानं योगिताच्या खांद्यावर हात टाकला आणि मंदाला विचारलं, "कुठं जानं आते?"

"तिला विचारा," मंदा म्हणाली. "मी रस्ता दाखवते."

योगितानं समोरच्या मार्केटकडे बोट केलं. सगळी वरात रिंग रोड ओलांडायला निघाली, आणि मगनला ब्रेक दाबून थांबावं लागलं.