उघडत नसलेला फोटो

"फोटोच उघडत नाही, म्हणजे पुरावा बनावट आहे," एचआर मॅनेजर म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

विंचूरच्या वाइन पार्कमधली कंपनी. बाटल्या भरायची लाइन ऐन सीझनमध्ये बंद पडली होती आणि खापर वैशालीवर फुटलं होतं. वैशाली तिथली नेटवर्क इंजिनिअर, जवळच्याच खेड्यातली. तिनेच सेटिंग बिघडवलं, असा आरोप. आपली चूक नाही हे दाखवायला तिने ही फाइल मेल केली होती. तिची नोकरी राहणार की जाणार, हे या मीटिंगमध्ये ठरायचं होतं. मी नाशिकची नेटवर्क सल्लागार. बाहेरचं मत हवं म्हणून मला बोलावलं होतं.

"मॅडम, तो फोटो नाय, कॅप्चर हाय," वैशाली म्हणाली. "मेलमधून जात नव्हतं म्हणून नाव बदललं. इथं सगळेच करतात."

खरंच करायचे. तिथल्या मेलमधून अनोळखी प्रकारची फाइल जायची नाही, म्हणून कशालाही जेपीजी हे शेपूट लावून पाठवायची पद्धत होती. समोरच बसलेल्या जीएम साहेबांच्या एक्सेल शीटसुद्धा फोटो बनून फिरायच्या. पण चौकशीला बसल्यावर सगळे एकदम सोवळ्यात.

नाव बदललं म्हणून फाइल बदलत नाही. डब्यावर साखर लिहिलं तरी आतलं मीठ खारटच लागतं. बहुतेक प्रकारच्या फाइलींच्या सुरुवातीला ठरलेले बाइट असतात, त्यांना सिग्नेचर म्हणतात. फाइल जशी आहे तशी आकड्या-अक्षरांत दाखवणारं सॉफ्टवेअर मी उघडलं. जेपीजीची सुरुवात 'एफएफ डी८' अशी होते. इथे होतं 'डी४ सी३ बी२ ए१'. ही नेटवर्क कॅप्चरची खूण. कॅप्चर म्हणजे केबलवरून कोणतं यंत्र कोणाशी काय बोललं, त्याचं रेकॉर्डिंग.

योग्य सॉफ्टवेअरमध्ये फाइल लगेच उघडली. लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरचाच पत्ता आणखी एक यंत्र स्वतःचा म्हणून सांगत होतं. एका पत्त्यावर दोघं, मग निरोप चुकणारच. त्या यंत्राचा नंबर स्विचवर, म्हणजे सगळ्या नेटवर्क केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीत, शोधला. तो सापडला जीएम साहेबांच्या केबिनमधल्या सॉकेटवर. मोबाइलला वाय-फाय नीट मिळत नाही म्हणून साहेबांनी घरचा जुना राउटर आणून लावला होता.

साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मी तिथेच अहवाल लिहून सही केली. वैशाली सुटली असं मला वाटलं.

एचआर मॅनेजरनी अहवाल सावकाश वाचला. "म्हणजे हे रेकॉर्डिंग वैशालीनेच केलं, हे नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

"वैशाली, कंपनीचं नेटवर्क रेकॉर्ड करायची लेखी परवानगी होती?"

ती जीएम साहेबांकडे वळली. "सर, तुम्हीच फोनवर बोलले ना, काय पण कर पण लाइन चालू कर?"

"लाइन चालू कर म्हणालो," साहेब म्हणाले. "रेकॉर्डिंग कर असं म्हणालो नाही."

वैशालीला काढलं. सेटिंग बिघडवल्याचा आरोप मागे घेतला आणि विनापरवानगी रेकॉर्डिंगचा ठेवला. त्याला जोडलेला पुरावा म्हणजे माझा अहवाल. राउटर केबिनमध्येच राहिला, फक्त त्याचा पत्ता बदलला.

अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. त्या अहवालातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आता कोणी कॅप्चर आणून दिलं, की ते करायला कोणी सांगितलं हे मी आधी विचारते आणि सांगणाऱ्याकडून लेखी घेते. फाइल त्यानंतर उघडते.