बुरशीवाले काकाजी

"माह्याच हातून झालं, साहेब."

प्रयोगशाळेत काहीही बिघडलं की काकाजी उजवा हात छातीवर ठेवून हे म्हणत. बाटली फुटली, कुकरची शिट्टी हरवली, तरी तेच. एकदा वादळात छपराचा पत्रा उडाला, तेव्हाही ते पुढे झाले. "काल मीच नीट पाह्यलं नाई." आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वर्ध्यातल्या त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत लागलो. किडींना मारणारी बुरशी तिथे वाढवत. काकाजी मदतनीस होते. ज्वारी शिजवून बाटल्यांत भरायची, तिला बुरशीचं विरजण लावायचं. दहा-बारा दिवसांत दाणे पांढरेशुभ्र होत. ते दळून शेणखतातून शेतात टाकायचे. जमिनीत राहून पिकाची मुळं खाणारी हुमणी नावाची अळी त्या बुरशीनं मरे.

शेतकऱ्यांना काकाजी मोठ्या मायेनं समजावत. "हे जहर नाई. हे जित्तं आहे. सावलीत ठेवजा, ओल पाहून टाकजा."

एका म्हाताऱ्यानं घाबरत विचारलं, "मंग मले त धरणार नाई ना?"

"तुम्ही काय अळी आहे का, बाप्पा?"

पण समोरचा माणूस रेशीमकिडे पाळतो असं कळलं की काकाजींचा चेहरा उतरे. त्याला ते पुडी देत नसत, आतही येऊ देत नसत. "घरी जा. आंघोळ करा. मंगच किड्याईपाशी जा."

वर्षभरानं एका दुपारी वीज गेली होती. बाटल्या पुसता पुसता त्यांनी मला त्यामागचं सांगितलं.

त्यांची धाकटी बहीण वडनेरला. सुनेला हाताशी घेऊन तिनं रेशीमकिडे पाळले होते. मी लागलो त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. बहिणीच्या शेतात हुमणी झाली म्हणून काकाजी बुरशीची पिशवी घेऊन गेले आणि कामाच्याच कपड्यांत किड्यांच्या शेडमध्ये शिरले. कौतुकानं पाला उचलून पाहिला. आठवड्यानं निरोप आला. जाऊन पाहतात तो किडे खडूसारखे पांढरे, ताठ. एकही जिवंत नाही.

"पाह्यल्याबरोबर वळखलं मी," काकाजी म्हणाले. "आपलीच बुरशी. तिले हुमणी काय अन् रेशमाची काय, अळी म्हणजे अळी."

ओळखलं, पण बोलले नाहीत. तोवर बहिणीनं सुनेला धारेवर धरलं होतं. पाळी आलेली असताना शेडमध्ये गेली, विटाळ केला, म्हणून किडे मेले. पंधरा दिवसांत सुनेला माहेरी धाडलं.

"तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"उद्या सांगू, उद्या सांगू करत राह्यलो, साहेब. तीन वर्षं झाले. किडे पाला खातात ना, बारीक आवाज येते. तो अजून माह्या कानात येऊन राह्यला."

बाकी सगळ्याची कबुली ते इतक्या घाईनं का देत, ते मला त्या दुपारी कळलं.

पुढच्या रविवारी ते मला सोबत घेऊन देवळीकडच्या एका गावात, सुनेच्या माहेरी गेले. "तुम्ही लॅबवाले. तुमचं ऐकतीन." ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. वडील, भाऊ बाहेर आले. काकाजींनी उभ्यानंच सगळं सांगितलं. मी बुरशीबद्दल समजावायला तोंड उघडलं, तर तिनं मला हातानं थांबवलं.

"मले माहीत होतं, मामाजी," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या सदऱ्यावर पांढरं पांढरं दिसलं होतं मले. तुम्ही मोठे. मी वाट पाह्यली. वाटलं, तुम्हीच सांगसान."

काकाजी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तुरीच्या शेंगा सोलू लागले. 

बातमी वडनेरला पोचली, आणि महिन्याभरात नवरा येऊन तिला घेऊन गेला. पण बहिणीनं भावाशी बोलणं टाकलं. "माह्या हातानं मी सुनेले घराबाहेर काढलं, अन् हा पाहत राह्यला," एवढंच ती सगळ्यांना सांगे. पुढच्या दिवाळीत वडनेरचं बोलावणं आलं नाही. उन्हाळ्यात काकाजी झोपेतच गेले.

तेराव्याला वर्ध्यालगतच्या पिपरी मेघे गावातल्या त्यांच्या घरी ती बहीण मला भेटली. पदर तोंडाशी धरून तिनं विचारलं, "साहेब, भाऊबीजेले मी बोलावलं नाई त्याले. त्याले खूप लागलं का जी?"

बुरशीला सुट्टी नसते, म्हणून त्या भाऊबीजेला मी प्रयोगशाळेत होतो. सकाळीच काकाजी आले. काम काहीच नव्हतं. नवी टोपी घालून ते फोनजवळच्या स्टुलावर बसले. दिवसभरात फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी उचलला, आणि मी ठेवेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. अंधार पडायच्या सुमाराला उठून निघून गेले.

"नाही," मी तिला म्हणालो. "एका शब्दानं बोलले नाहीत."

तेवढं खरं होतं.