सतरा नंबरची जागा

तेल अविवमध्ये माझ्या ऑफिसखाली लहानपणी मुंबईहून आलेल्या एका ज्यू माणसाचं सीडींचं दुकान होतं. लंडनच्या एका छोट्या संगीत कंपनीने काढलेल्या सगळ्या सीडी त्याने एका फळीवर कंपनीच्या क्रमांकाने, म्हणजे निघाल्या त्या क्रमाने लावल्या होत्या, एक ते चाळीस. त्यातली सतरावी मिळवायला त्याला सहा वर्षं लागली होती. मी याद्या करणारी बाई. मी बँडच्या नावांचा अक्षरक्रम सुचवला.

"पोरं काय अक्षरानं जन्मतात, बाई?" तो लहानपणीच्या मुंबईच्या मराठीत म्हणाला.

एका शुक्रवारी तो दुकान बंद करत असताना गणवेशातली एक मुलगी आली. तिला सतरावीच हवी होती. "ती विकायची नाही," तो हिब्रूत म्हणाला, पण त्याने लावून ऐकवली. खांद्यावरची बंदूक सावरत ती प्रत्येक ओळ पुटपुटत राहिली. गाणं संपलं तेव्हा त्याने सीडी पिशवीत घालून तिच्या हातात दिली.

"अहो, संच मोडलात की!" मी म्हणाले.

"मोडला नाय, बाई. एक पोर बाहेर गेलंय."

पुढे नव्या सीडींनी ती फळी काठोकाठ भरली, तरी सोळा आणि अठराच्या मधली बोटभर जागा त्याने मोकळीच ठेवली. त्यानंतर मी अक्षरक्रमाचं नाव काढलं नाही.