आमच्या पुतळ्यांची प्रत

हे जसं घडलं तसंच सांगतोय का, याची मला खात्री नाही. भिंग शिवाजीनगरात घेतलं की इंदिरानगरात, तेही आठवत नाही. बायकोला विचारावं, तर हा विषय घरात काढायची सोय नाही. पण माती खाल्ली ती मीच, एवढं पक्कं. ऐका.

निवृत्तीनंतर मला जुनी सोन्याची नाणी जमवायचा नाद लागला. नाद म्हणजे काय, नाणं एकच घेतलं, पुस्तकं मात्र कपाटभर! गणितात डॉक्टरेट केलेला माणूस मी, कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघणारा. नाण्याची प्रत ठरवायची तर आधी वाचायला नको? कड किती झिजली, अक्षरं पुरती उमटलीत का, कुणी पॉलिश करून वाट तर लावली नाही ना... सगळं वाचलं. आता सरावाला नाणी हवीत. ती तर घरातच होती! बायकोची पुतळ्यांची माळ.

ही माळ निपाणीच्या तिच्या बाबांनी लग्नात तिच्या अंगावर घातलेली. आता ती आमच्या मुलीच्या लग्नात मुलीच्या गळ्यात पडायची होती. बनशंकरी भागातल्या आमच्या घरात लगीनघाई, आणि मी बाल्कनीत भिंग लावून बसलेला.

पुस्तकात लिहिलं होतं, पुतळी म्हणजे मूळ व्हेनिसचं नाणं. चित्रही होतं. चित्रातली अक्षरं वाचता येत होती. आमच्या पुतळीवर नुसत्या उभ्या रेघा आणि टिंबं! चित्रात एकजण गुडघे टेकून बसलेला. आमच्याकडे तो चक्क उभा. दुसरी पुतळी पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडे तेच.

मी आयुष्यभर कशाबद्दलच ठाम बोललो नाही. "बहुधा", "असावं", "बघून सांगतो" यावर माझा संसार झाला. आणि ठाम बोलायला मुहूर्त कुठला निवडला? निपाणीहून मेहुणे आलेले असताना, चहाच्या वेळी!

"ही नाणी खोटी आहेत," मी म्हणालो.

मेहुण्यांचा कप तोंडाजवळच थांबला. "काय म्हणालासा दाजी?"

"नक्कल आहे. प्रत लावायच्याही लायकीची नाहीत."

"म्हणजे आमच्या बाबांनी फसवलं म्हणा की तुम्हाला!"

"तसं नाही हो. त्यांनाच कुणीतरी..."

"अस्सं! फसवलं नाही, बाबा येडे होते. सरी, सरी, बरोबर आहे तुमचं."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, स्वल्प गप्प बसता का?"

बसायचं ना! पण नाही. "अगं, सोनं अस्सल असेल. फक्त नाणं खोटं आहे."

"इतकी वर्षं घालून मिरवले मी. तेव्हा दिसलं नाही होय तुम्हाला?"

"तेव्हा भिंग नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती भावाला घेऊन माळ मोडायला सराफाकडे निघाली. मी रिक्षा करून मागोमाग. सराफाने तपासलं. सोनं उत्तम निघालं. मला हायसं वाटलं.

"बघ! ठेव ना मग माळ."

"बापाने खोटी ठरवलेली माळ लेकीच्या गळ्यात घालू? उद्या सासरी बोललात म्हणजे?"

"दाजी बोलणारच," मेहुणे म्हणाले. "भिंग घेऊनच मांडवात येतील."

सराफाने विचारलं, "मग आटवायचं, अक्का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. "सांगा. तुमची खात्री आहे ना?"

आता बघा, "बहुधा" म्हणायची सवय आयुष्यभराची. एक "बहुधा" पुरला असता हो! मी काय म्हणालो?

"शंभर टक्के."

माळेच्या बांगड्या झाल्या. मुलीने लग्नात घातल्या, छान दिसल्या. बायकोने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी इथेच नाण्यांच्या प्रदर्शनात काचेखाली एक पुतळी दिसली. त्याच उभ्या रेघा, तीच टिंबं! मी तिथल्या तज्ज्ञ बाईंना गाठलं, घरी येऊन पुन्हा पुस्तकं काढली, आणि शंका उरू नये म्हणून परत जाऊन त्यांनाच विचारलं. व्हेनिसचं नाणं बघून आपल्याकडच्या सोनारांनी माळेत ओवायला म्हणूनच अशा पुतळ्या घडवल्या. ती अक्षरं कुणी वाचावीत अशी अपेक्षाच नव्हती. सासऱ्यांनी दिल्या त्या अगदी अस्सल पुतळ्या होत्या.

"काही संग्राहक मुद्दाम अशाच शोधतात," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे आहे का एखादी? आणा, प्रत सांगते."

"होत्या," मी म्हणालो. "प्रत मीच लावली."