शिपायाने दिलेली खुर्ची

प्रकाशनसंस्थेत मी परीक्षक असल्याचे सोंग घेतले, असे आमच्या गल्लीत सांगतात. ते साफ खोटे आहे. मला त्या खुर्चीत तेथील शिपायाने बसवले.

हा गृहस्थ मला कळंबा तलावावर रोज फिरताना भेटतो. आधी हुकूम सोडायचा आणि मग चौकशी करायची, ही त्याची रीत. निवृत्तीनंतरचे रिकामपण सोसवेना, म्हणून मी तेथे मुद्रितशोधकाच्या जागेसाठी मुलाखतीस गेलो आणि उमेदवारांच्या बाकड्यावर बसलो. माझे मुलाखतीचे पत्र न पाहताच तो गरजला, "मास्तर, तुमी आनि बाकड्यावर? आत चला की!" आणि मला परीक्षकांच्या रांगेत बसवून त्याने चहा दिला.

पहिली उमेदवार मुलगी तल्लख होती. मी तिला चार प्रश्न विचारल्यावर संचालकांनी माझे नाव विचारले. ते नाव उमेदवारांच्या यादीत निघाले. त्यांनी मला उठवताच शिपाई आडवा आला. "चहा दिलेलं पावणं उठवायची पद्धत न्हाय आपल्यात!"

"मग निकालही यांनाच विचारा," संचालक वैतागले.

मला ती नोकरी हवी होती. तरी मी म्हणालो, "हिलाच घ्या." त्यांनी तिलाच घेतले.

जिन्यात शिपाई हळहळला, "मास्तर, तुमची मुलाखत ऱ्हायलीच की!"

मला तेथे नापास केले, असेही लोक सांगतात. माझी मुलाखत झालीच नाही, याला तो साक्षीदार आहे.