कार्डावरचा हुद्दा

पैसेवाल्या देशांत तिशी-चाळिशीतले धडधाकट पुरुष कामावाचून घरी बसलेत, असं कुणी पेपरातून वाचून दाखवलं की आमच्या दुकानात लोक हसतात. कतारमध्ये असा माणूस सापडणार नाही. इथे नोकरी गेली की थोड्या मुदतीत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर विमानात बसायचं. बेकार मोजायला कुणी येईपर्यंत तो गेलेला असतो.

माझं इथे उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावात एसी दुरुस्तीचं दुकान आहे. जालन्याहून मी ड्रायव्हर म्हणून आलो होतो. दुकान भांडून, घासाघीस करून उभं केलं. त्या काळात एका मोठ्या कंपनीचा साइट इंजिनिअर, आपलाच पुण्याचा माणूस, माझं कोटेशन हातात न घेताच म्हणाला होता, "ड्रायव्हरसाहेब, गाडी सावलीत लावा आणि तुम्हीही तिथेच बसा." सगळे हसले. ते मी विसरलेलो नाही, आणि विसरायचं काही कारणही मला दिसत नाही.

मागच्या हिवाळ्यात तोच माणूस दुकानात आला. प्रोजेक्ट संपला होता, कंपनीने माणसं कमी केली होती. मुलगी दहावीला, परीक्षा तोंडावर.

"तुमच्याकडे व्हिसा असेल तर बघा," तो म्हणाला. "काहीही काम चालेल."

"काहीही म्हणजे स्टोअरकीपर," मी म्हणालो.

इथे राहायच्या परवान्याचं जे कार्ड मिळतं, त्यावर तसला बारीक हुद्दा लागला की बायको-मुलांना इथे ठेवता येत नाही. हे त्याला ठाऊक होतं, मलाही. पण तो माझा पहिला भाव होता. इथल्या सूक वाकिफ बाजारात गालिचा घ्यायला गेलात तरी पहिला भाव झोंबेल असाच सांगतात. गिऱ्हाईक चिडतं, दारापर्यंत जातं, मग त्याला परत बोलावतात. इंजिनिअर हा हुद्दा मी देणारच होतो. फक्त त्याने एकदा तोंडाने मागायला हवा होता.

तो "बरं" म्हणाला आणि उठला. चहा तसाच राहिला. दारापाशी थांबेल म्हणून मी बघत होतो. तो थांबला नाही. आयुष्यभर त्याने घासाघीस केली ती कंपनीच्या पैशांसाठी. स्वतःसाठी कशी करतात हे त्याला माहीतच नव्हतं.

दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. कोल्हापूरची बाई, थेट मुद्द्यालाच हात.

"भाऊजी, स्टोअरकीपर म्हणालात ते खरं, का बोलायचं म्हणून?"

"बोलायचं म्हणून हो, वहिनी. त्यांनी पुढं बोलायचं की!"

"मग इंजिनिअर लिहिता?"

"लिहितो. उद्या पाठवा त्यांना."

वहिनी म्हणाल्या, "काल कंपनीच्या कागदांवर सही करून आलेत की हो ते. कार्ड रद्द झालं, तिकिटंही आली."

नवा व्हिसा काढायला महिने गेले असते. तोवर परीक्षा होऊन गेली असती. रागाने मी गाडी काढली आणि अल हिलालला त्यांच्या घरी गेलो. सामान विक्रीला मांडलेलं होतं. एक नेपाळी ड्रायव्हर फ्रिजचा भाव करत होता आणि हा पहिल्याच भावाला मान डोलावत होता. मला बघवेना. "तुम्ही बसा तिकडे," असं त्याला सांगून मी हिंदीत त्या ड्रायव्हरवर तुटून पडलो. हा मुकाट्याने एका खोक्यावर जाऊन बसला.

वहिनी मुलीला घेऊन आतून आल्या. "फ्रिजचं राहू द्या, भाऊजी. हिचं नाव इथल्या शाळेत आहे, परीक्षा इथेच द्यावी लागणार. व्हिजिट व्हिसावर परत पाठवते. परीक्षेपुरती तुमच्या घरी ठेवाल? खर्च आम्ही देऊ."

"खर्चाचं बोलू नका," मी म्हणालो. "येशील ना गं?"

"इट्स फाइन, अंकल," मुलगी म्हणाली. वडिलांकडे तिने बघितलं नाही.

ती आली, आमच्याकडे राहिली, परीक्षा देऊन गेली. वडील पुण्यात सगळ्यांना "सुट्टीवर आलोय" असं सांगतात, हे माझ्या बायकोला तिच्याकडूनच कळलं. म्हणजे तिथेही त्याला कुणी बेकार म्हणून मोजलेलं नाही. रोज संध्याकाळी त्याचा तिला फोन यायचा. मी समोरच बसलेला असायचो. "जरा अंकलना दे" असं तो एकदाही म्हणाला नाही.

इंजिनिअरची ती जागा मी अजून भरलेली नाही. पण मागायची त्यानेच.